हीट पंपाची नाडीपरीक्षा

फिनिक्सच्या उन्हाळ्याविषयी येथे राहणाऱ्यांना नव्याने काही सांगायला नको. २६ जून १९९० रोजी येथे १२२ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५० अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. २०२३ साली सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० किंवा त्याहून वर गेला. २०२४ साली सलग ११३ दिवस त्याने शंभरी गाठली. एकट्या मॅरिकोपा काउंटीत २०२३ साली उष्णतेमुळे ६४५ माणसे दगावली. त्यांत बेघर आणि उन्हात काम करणारे होतेच, पण स्वतःच्या घरात गेलेलेही होते. अशा पुष्कळ घरांत एसी बसवलेला होता. तो चालत नव्हता.

म्हणूनच घराबाहेर किंवा छपरावर घरघरणारे ते यंत्र आपल्याकडे चैनीची वस्तू नाही. पण गाडीचे तेल किती मैलांनी बदलायचे हे तोंडपाठ असणाऱ्या आपल्या मंडळींना घरच्या हीट पंपाचे वय विचारले तर दहांतले आठ जण गप्प बसतील. मग जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी यंत्र बसते, घर ९५ अंशांवर जाते, मुले रडकुंडीला येतात आणि दारात आलेला तंत्रज्ञ जो आकडा सांगेल त्याला आपण मान डोलावतो. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की खणणारा सांगेल तोच भाव द्यावा लागतो.

या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. बंद पडलेला हीट पंप बहुधा मेलेला नसतो. आणि खरोखर मरणारा पंप बहुधा आधी सूचना देतो. हे दोन्ही ओळखता आले तर पैसे वाचतात आणि जिवाचा घोरही टळतो.

नावातला घोटाळा

'हीट पंप' म्हणजे थंडीतला हीटर असा पुष्कळांचा समज असतो. पाणी उताराकडे आपोआप वाहते, ते वर चढवायला पंप लागतो. उष्णतेचेही तसेच आहे. ती गरमाकडून गाराकडे आपोआप जाते, उलट न्यायची तर पंप हवा. आपला फ्रिज हेच करतो. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, म्हणून त्याच्या मागे हात लावला तर गरम लागते. उन्हाळ्यात हीट पंप घराला फ्रिज करतो, आणि थंडीत हाच खेळ उलटा करून बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. साध्या एसीत आणि यात मुख्य फरक आहे तो ही उलटापालट करणाऱ्या झडपेचा, म्हणजे रिव्हर्सिंग व्हॉल्व्हचा. आपल्याकडे थंडी माफक असते आणि बऱ्याच घरांना गॅसची जोडणी नसते, म्हणून येथे हीट पंप सोयीचा पडतो.

यंत्राचे मुख्य भाग चार. बाहेरची कॉइल, आतली कॉइल, मध्ये गॅस (रेफ्रिजरंट) दाबणारा कॉम्प्रेसर आणि त्या गॅसचा दाब एकदम उतरवणारी बारीक झडप. 'तीन टनांचे युनिट' म्हणजे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढे काम म्हणजे एक टन, ताशी १२,००० बीटीयू. बर्फाच्या लाद्यांच्या जमान्यातले हे माप अजून चालू आहे.

नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांना वाळ्याचा कूलर आठवेल. तो येथेही मिळतो आणि जूनच्या कोरड्या हवेत छान चालतो. पण जुलैत मॉन्सूनचा दमटपणा आला की पाणी उडेनासे होते आणि कूलर नुसता दमट वारा घालतो. हीट पंपाला दमटपणाची तेवढी अडचण नाही. त्याचा शत्रू वेगळा आहे.

उत्पादक जी क्षमता छापतात ती बाहेर ९५ अंश असतानाची. ११५ अंशांत बाहेरच्या कॉइलला आपली उष्णता टाकायला जागाच कमी उरते. गॅसचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज खातो आणि क्षमता मात्र घटते. म्हणजे घराची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच यंत्र सर्वांत दुबळे असते. त्यामुळे ११७ अंशांच्या दुपारी घर ७६ ऐवजी ७९ वर अडकले आणि रात्री पुन्हा खाली आले, तर तो बिघाड समजू नये. येथील घरांचे हिशेबच सुमारे १०८ ते ११० अंश धरून केलेले असतात. गेल्या वर्षी त्याच उन्हात ७६ राहत होते आणि यंदा ८३ होते, तर मात्र चौकशी करायला हवी.

आधी घरच्या घरी

फोन फिरवण्यापूर्वी पाहण्याच्या गोष्टी अगदी साध्या आहेत.

थर्मोस्टॅट 'कूल'वर आहे ना? त्याच्या बॅटऱ्या गेल्या आहेत का? ब्रेकर पडला आहे का? पडला असेल तर एकदाच वर करावा. पुन्हा पडला तर हात लावू नये; तो काहीतरी सांगतो आहे.

फिल्टर उजेडासमोर धरावा. पलीकडचे दिसत नसेल तर तो बदलावा. हवा पुरेशी फिरली नाही की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, आणि ११० अंशांच्या उन्हात आपल्या माळ्यावर बर्फ असतो. बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा. काही तासांत तो वितळेल. बर्फ असताना तंत्रज्ञ आला तरी त्याला खरे मापन करता येत नाही.

थर्मोस्टॅट अचानक कोरा पडला तर पाण्याचा निचरा पाहावा. थंड कॉइलवर जमणारे पाणी एका नळीतून बाहेर जाते. मॉन्सूनमध्ये ते वाढते, नळीत शेवाळ धरते, ती तुंबते. मग छत भिजू नये म्हणून बसवलेला तरंगता स्विच यंत्र बंद करतो. नळी साफ केली की यंत्र पूर्ववत चालते. यात कॉम्प्रेसरचा काहीही संबंध नसतो.

हबूबची, म्हणजे धुळीच्या वादळाची धूळ बाहेरच्या कॉइलवर बसली की यंत्राने गोधडी पांघरल्यासारखे होते. मुख्य स्विच बंद करून बागेच्या नळीने हलक्या धारेने कॉइल धुवावी. प्रेशर वॉशर वापरू नये, पत्र्याच्या नाजूक पात्या दुमडतात.

शेवटी एक साधा थर्मामीटर घ्यावा. यंत्र पंधरा मिनिटे चालल्यावर आत ओढल्या जाणाऱ्या हवेचे आणि यंत्राजवळच्या झरोक्यातून येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. फरक साधारण १६ ते २२ अंश असावा. हा आकडा दर वसंतात लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी तो १२ वर आला, तर यंत्राने आपल्याला बंद पडण्याआधीच पत्र पाठवले असे समजावे.

स्वस्तातले दुखणे

उष्ण प्रदेशात सर्वांत जास्त मार खातो तो कपॅसिटर, बाहेरच्या युनिटमधला टिनाच्या डब्याएवढा भाग. कॉम्प्रेसरला आणि पंख्याला सुरू होण्यासाठी आणि चालण्यासाठी तो हातभार लावतो. उष्णतेने त्याची ताकद उतरते. त्यावर ४५/५ असे आकडे असतात. पहिला कॉम्प्रेसरसाठी, दुसरा पंख्यासाठी, दोन्ही मायक्रोफॅरडमध्ये. साधारण सहा टक्के घट चालते. ४५ चा भाग ४२ च्या खाली गेला की बदलावा. बाहेरचे युनिट गुणगुणते पण पंखा फिरत नाही, हे त्याचे नेहमीचे लक्षण. भागाची किंमत थोडीच असते. पण वीज तोडल्यावरही त्यात भार साठून राहतो आणि त्याचा झटका जबर असतो, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

दुसरा म्हणजे काँटॅक्टर, वीज जोडणारा-तोडणारा स्विच. त्याचे टोक जळते, कधी त्यात मुंग्या चिरडून बसतात आणि संपर्कच होत नाही. तिसरी बाहेरच्या पंख्याची मोटर. हे तिन्ही यंत्राचे सर्दी-पडसे आहे. त्यासाठी यंत्र बदलणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

हीट पंपाची खास दुखणी

साध्या एसीला न होणारे दोन आजार याला होतात.

पहिला रिव्हर्सिंग व्हॉल्व्हचा. तो मधेच अडकला तर गरम दाबाचा गॅस थंड बाजूला झिरपत राहतो. यंत्र चालते, वीज खाते, पण हवा कोमटच येते. मापात हे बरेचसे थकलेल्या कॉम्प्रेसरसारखे दिसते. कॉम्प्रेसरला दोष देण्यापूर्वी झडपेतून परतणाऱ्या नळीचे तापमान दोन्ही बाजूंनी मोजावे. गॅस झडपेतून जाताना भलताच गरम होत असेल, तर चोर झडपच. झडप बदलणे खर्चाचे काम असले तरी नवे यंत्र घेण्याएवढे नाही.

दुसरा पूरक हीटरचा. थंडीच्या मदतीसाठी आतल्या युनिटमध्ये विजेच्या तारा बसवलेल्या असतात. त्यांचा रिले चिकटला तर भर उन्हाळ्यात एकीकडे घर थंड होत असते आणि दुसरीकडे त्याच हवेत शेगडी पेटलेली असते. बिल एकदम वाढते, गारवा कमी होतो आणि सगळे जण गॅस कमी झाला म्हणतात. आतल्या युनिटच्या विजेचे अँपिअर मोजले की हा बिघाड मिनिटभरात सापडतो.

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे

'दर दोन वर्षांनी थोडा गॅस टाकावा लागतो' हे वाक्य आपण सहज ऐकून घेतो. पण यंत्र गॅस खात नाही. नळ्या बंदिस्त असतात. गॅस कमी झाला म्हणजे कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

त्यात गॅसचीही पिढी बदलते आहे. जुन्या यंत्रांतल्या आर-२२ ने ओझोनच्या थराला हानी पोहोचते म्हणून अमेरिकेत त्याचे उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. आता मिळतो तो साठ्यातला किंवा जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला, आणि महाग. आर-२२ च्या यंत्राची आतली कॉइल गळत असेल तर त्यावर आणखी खर्च करू नये. त्यानंतर आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायॉक्साइडच्या २,०८८ पट प्रभावी आहे. म्हणून २०२५ पासून घरगुती यंत्रे आर-४५४बी किंवा आर-३२ या गॅसवर बनू लागली. त्यांचे आकडे अनुक्रमे ४६६ आणि ६७५. हे गॅस किंचित ज्वलनशील असल्याने यंत्रांची रचना वेगळी असते, आणि नवा गॅस जुन्या यंत्रात भरता येत नाही. घरात चालू असलेले आर-४१०ए चे यंत्र मात्र वापरायला आणि दुरुस्त करायला हरकत नाही. 'तुमचा गॅस बंद झाला, आता बदलावेच लागेल' असे कोणी म्हटले तर घाबरू नये.

कॉम्प्रेसर खरोखर गेला का?

कॉम्प्रेसर हे यंत्राचे हृदय, आणि सर्वांत जास्त चुकीची मृत्युपत्रे याच्याच नावाने लिहिली जातात. आतले तापमान फार वाढले की त्यातला संरक्षक स्विच वीज तोडतो. कॉम्प्रेसर जाड पोलादाच्या बंद भांड्यात असतो. भर दुपारी तो निवायला काही तास लागतात. तेवढ्यात कोणी मीटर लावला तर आतली तार तुटल्यासारखीच दिसते. घाईतला माणूस 'कॉम्प्रेसर गेला' म्हणून मोकळा होतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला असेच सांगून चौदा हजार डॉलरचा आकडा हातात दिला गेला होता. त्यांनी रात्र नातेवाइकांकडे काढली. सकाळी दुसऱ्या तंत्रज्ञाने पाहिले तर निवलेला कॉम्प्रेसर ठणठणीत होता. पंख्याचा कपॅसिटर गेल्यामुळे तो तापला होता, एवढेच.

कॉम्प्रेसर खरोखर जातो तेव्हाची लक्षणे वेगळी. त्याच्या तारांचा पोलादी भांड्याशी शॉर्ट होतो आणि ब्रेकर क्षणात पडतो. किंवा तो आतून जाम होतो आणि नव्या कपॅसिटरनेही हलत नाही. किंवा चालतो पण दाबच निर्माण करत नाही. म्हणून निदान ऐकताना तंत्रज्ञाकडे नम्रपणे पण ठामपणे आकडे मागावेत, आणि ते कागदावर घ्यावेत:

१. कपॅसिटरचे छापील आणि मोजलेले आकडे.
२. कॉम्प्रेसर किती अँपिअर घेतो आणि पाटीवर किती लिहिले आहेत.
३. कॉम्प्रेसर निवल्यावर तारांचा भांड्याशी मोजलेला रोध.
४. गॅसचे दाब, सुपरहीट आणि सबकूलिंग.
५. आत-बाहेर जाणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक.

चांगला तंत्रज्ञ हे आनंदाने सांगतो. जो 'एवढे कशाला हवे तुम्हाला' म्हणतो, त्याच्या निदानावर दुसऱ्याचे मत घ्यावे.

दुरुस्ती की नवे?

येथे एक ढोबळ आडाखा सांगतात. यंत्राचे वय आणि दुरुस्तीचा खर्च यांचा गुणाकार करावा. तो ५,००० च्या वर गेला तर नव्याचा विचार करावा. बारा वर्षांच्या यंत्राला ३०० डॉलरचा पंखा बसवावा (३,६००). त्याच यंत्राला २,५०० डॉलरचा कॉम्प्रेसर बसवू नये (३०,०००). आडाखा तो आडाखाच, पण संध्याकाळी आठ वाजता घामाघूम असताना उपयोगी पडतो. हीट पंपाचे आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षे धरतात, आणि आपले यंत्र उन्हाळ्यात जवळजवळ विश्रांतीशिवाय पळते हे लक्षात ठेवावे. तसेच हमीपत्र आधी काढून पाहावे. यंत्र वेळेवर नोंदवले असेल तर भागांची हमी बहुधा दहा वर्षांची असते, न नोंदवल्यास पाच. मजुरी त्यात सहसा येत नाही.

नवे घ्यायचे ठरले तर पहिला प्रश्न ब्रँडचा नसावा, मापाचा असावा. 'जुने चार टनांचे होते, पाच टनांचे टाकू, घर लवकर गार होईल' हा सल्ला ऐकायला गोड आहे. पण जुन्या डक्टमधून पाच टनांची हवा जात नाही. यंत्र घुसमटते, सारखे सुरू-बंद होते आणि लवकर झिजते. खिडक्यांची दिशा, माळ्यावरचे इन्सुलेशन, छप्पर यांवरून भार काढण्याची 'मॅन्युअल जे' नावाची ठरलेली पद्धत आहे. ती लेखी मागावी. सामान्य घरात वीस ते तीस टक्के हवा डक्टच्या सांध्यांतून गळते असे सरकारी एनर्जी स्टार कार्यक्रम सांगतो. आपले डक्ट दीडशे अंशांपर्यंत तापणाऱ्या माळ्यातून जातात. गळके डक्ट तसेच ठेवून महागडे यंत्र लावणे म्हणजे आधी कळस मग पाया.

कार्यक्षमतेचे दोन आकडे असतात. सीअर-२ हा सबंध मोसमाचा सरासरी गुण. २०२३ पासून नव्या हीट पंपाला किमान १४.३ लागतो. पण ती सरासरी सौम्य दिवसांनाही धरून असते. आपल्याला कडक उन्हातला गुण हवा, तो ईईआर-२. दोन यंत्रांचा सीअर सारखा असेल तर ज्याचा ईईआर जास्त ते घ्यावे. वेग बदलणारे कॉम्प्रेसर शांत आणि काटकसरी असतात खरे, पण त्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग महाग आणि कधी कधी आठवडाभर न मिळणारे. तो आठवडा जुलैत आला तर काय, याचाही विचार व्हावा.

बाहेरचे आणि आतले युनिट जोडीचेच असावे. कंत्राटदाराचा परवाना ॲरिझोनाच्या रजिस्ट्रार ऑफ काँट्रॅक्टर्सकडे तपासता येतो. किमान तीन लेखी अंदाज घ्यावेत. बसवताना नळ्या नायट्रोजनने दाब देऊन तपासल्या का आणि व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत खाली नेला का, हे विचारावे. घाईत हीच दोन कामे वगळली जातात आणि नवे यंत्र पाच वर्षांत म्हातारे होते. केंद्र सरकारची २,००० डॉलरपर्यंतची करसवलत २०२५ अखेर संपली. ती अजून मिळते असे कोणी सांगितले तर हिशेबात धरू नये. वीज कंपनीची सवलत मात्र त्या त्या वेळी तपासावी.

दुरुस्ती होईपर्यंत

उन्हाळ्यात आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील भारतातून आलेले असतात. आम्ही विदर्भातला उन्हाळा काढला आहे, आम्हाला काही होत नाही, असे ते हमखास म्हणतात. पण तेव्हा जाड भिंती होत्या, अंगण होते आणि वय तिशीचे होते. येथील लाकडी घर बंद यंत्राने काही तासांत भट्टी होते. सत्तरीत तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी कमी होते. हवा अंगापेक्षा गरम झाली की पंखा गार करत नाही, उलट ऊन अंगावर फेकतो. चक्कर, गोंधळलेले बोलणे, तापलेले अंग दिसले तर थेट ९११. त्यांना 'चालेल का' असे विचारू नये, कारण ते 'चालेल' म्हणणार. सरळ मित्राकडे किंवा हॉटेलात न्यावे. गॅरेजमध्ये खिडकीत बसणारा एक छोटा एसी ठेवला तर एक खोली तरी राहण्याजोगी राहते, आणि मुख्य म्हणजे कंत्राटदाराशी शांत डोक्याने बोलता येते.

खरे तर हे सगळे मार्च-एप्रिलमध्ये करायचे काम आहे. तेव्हा तंत्रज्ञाला सवड असते, अंदाज माणुसकीचे येतात आणि यंत्र एक दिवस बंद राहिले तरी बिघडत नाही. गुढीपाडव्याला आपण घर झाडून-पुसून काढतोच. त्याच आठवड्यात फिल्टर बदलावा, निचऱ्याची नळी साफ करावी, तापमानाचा फरक वहीत टिपावा, पाटीवरून यंत्राचे वय आणि गॅस लिहून घ्यावा. दसऱ्याला इतर यंत्रांना फूल वाहताना एकदा 'हीट'वर टाकून झडप फिरते का ते पाहावे. वर्षाला दोन तास खर्ची पडतील. त्या वहीतले चार आकडे हातात असले की दारात कोणीही येवो, बोलणी आपल्या बाजूने सुरू होतात.